शांताक्काची तालीम

शांताक्का माणसाला नाव विचारायच्या आधी गुडघे विचारायची.

मी पहिल्यांदा तिच्या अंगणात जाऊन उभा राहिलो तेव्हा कुंभारवाड्याच्या पुढे, बस जिथून मागे फिरते तिथून दीड तास चालून गेलो होतो. काखेत फाईल, पायांना जळवा. अक्का सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मला खालून वर पाहिलं. आधी चपला, मग पाय, मग पोट. तोंडापर्यंत ती पोचलीच नाही.

"गुडघं कसं हायत?"

"बरे आहेत."

"ह्या पायरीवरनं उडी मार बगू."

मी पंचायतीतला क्लार्क, सरकारी कामावर आलेला. पण तिच्या आवाजात असं काही होतं की मी उडी मारली. चष्मा खाली पडला.

"चालनारा," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. "पळनारा न्हवं."

तेव्हा मला चौतिसावं वर्ष होतं. खोटं कशाला सांगू, मनाला लागलं.

तिच्या हिशेबी जगात तीनच जाती होत्या. पळणारी माणसं, चालणारी माणसं आणि उचलायची माणसं. वाडीतली अकरा घरं तिने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मांडून ठेवली होती. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक माणसाची एक रेघ. पळणाऱ्याची उभी, चालणाऱ्याची तिरकी आणि उचलायच्याची आडवी. कोणी बाळंत झालं की एक आडवी रेघ वाढायची. पोर धावायला लागलं की ती पुसून उभी व्हायची. वाडीतल्या पोरांचा खरा वाढदिवस तोच. आया पोराला घेऊन यायच्या, "अक्का, हेची रेघ हुबी कर की." अक्का पोराला अंगणभर पळवायची आणि मगच कोळसा हातात घ्यायची. वशिला चालायचा नाही.

मी गेलो होतो एक फॉर्म भरायला. घाटात दरडी कोसळायला लागल्यापासून वरून हुकूम आला होता की डोंगराखालच्या प्रत्येक वाडीचा आपत्तीच्या पूर्वतयारीचा आराखडा करा. फॉर्म कन्नडमध्ये, आठ पानी. आमच्याकडे सगळ्यांनाच दोन्ही भाषा येतात, पण सरकारी कन्नड कुणालाच येत नाही. मी एकेक रकाना वाचून मराठीत सांगत होतो.

"हेलिकॉप्टर उतरण्याजोगी सपाट जागा आहे का?"

"हाय की. मळणीचं खळं." मग जरा विचार करून, "किती मानसं असत्यात त्यात? जेवून येनार का हितंच जेवनार?"

मी लिहिलं, खळे उपलब्ध.

खरा आराखडा फॉर्मात नव्हता. तो दर रविवारी व्हायचा. अक्का पितळी परात घेऊन अंगणात यायची आणि पळीने बडवायला लागायची. परात वाजली की हातातलं टाकून सगळ्यांनी नाल्याच्या कडेची वाट सोडून, टेपावरच्या, म्हणजे वरच्या उंचवट्यावरच्या, शाळेच्या ओसरीवर जमायचं. उचलायच्या माणसांना कोणी आणायचं हे ठरलेलं. सावित्रीच्या सासूला दोघं जण घोंगडीच्या झोळीतून न्यायचे, आंधळ्या तुळशामावशीला तिचा पुतण्या पाठीवर घ्यायचा. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं. अक्का निघताना चुलीवर भात ठेवायची. परत येऊन बघायची. भात कच्चा असला तर तालीम पास, शिजला असला तर नापास आणि करपला असला तर सगळ्या वाडीला शिव्या.

एका लग्नात तिने मांडवात पंगत बसू दिली नाही. आधी वऱ्हाडाला टेपाची वाट दाखवली. नवऱ्यामुलाकडचे रामनगरचे व्यापारी, शर्टाला इस्त्री, घामाने भिजले. नवरदेवाचा मामा वैतागून म्हणाला, "ही बाई आमाला जेवायला बोलावलीया का हाकलायला?" अक्का म्हणाली, "जेवा की पोटभर. फकस्त कुठनं पळायचं ते ठावं असूं दे."

लोक हसायचे. मीही हसलो. तालुक्याला, जोयड्याच्या ऑफिसात मी तिची नक्कल करून दाखवायचो.

हे तिने कुठून आणलं ते पुढे कळलं. तरुणपणी ती जंगलखात्याच्या मजुरीला जायची. घाटाच्या पलीकडे एका वाडीवर दरड आली तेव्हा माती उपसायला ह्या मजुरांना नेलं होतं. सहा दिवस ती उपसत होती.

"क्लार्का, मानसं घरात न्हाई गावली," तिने मला सांगितलं. "दारात गावली. सगळी दारात. कोन कुनाला घेनार, ह्याचंच बोलनं चाललं असनार. ठरलं असतं तर गेली असती की निघून." म्हणून तिचा एक नियम होता, तो तिने तालमीत शंभरदा ओरडून म्हटलेला: निघालं की मागं वळायचं न्हाई. बैल राहू दे, सोनं राहू दे, माणूस राहू दे. ज्याने आणायचं ठरलंय तो आणील.

वाडीत एकच माणूस तालमीला येत नव्हता. तिचा थोरला भाऊ, नारायणअण्णा.

अण्णांचं घर शेवटचं, डोंगराला सगळ्यात जवळ. बायको गेलेली, मूलबाळ नाही. लाकूडतोडीच्या कामात ओंडका पायावर येऊन उजवा पाय मांडीपासून वाकडा झालेला. तरी काठी टेकत शेत बघायचे, कंद काढायचे, कुणाची मदत घ्यायचे नाहीत. अक्काने भिंतीवर त्यांची रेघ आडवी काढली. अण्णांनी ती पाहिली.

"मला आडवा केलास?" ते म्हणाले. "मढं हाय काय मी?"

"अण्णा, पाय बग की तुजा. दोन पोरं येतील, झोळीत घालतील."

"माझी झोळी एकदाच बांदायची. त्येला अजून वेळ हाय."

ते अंगणातून निघाले ते तीन वर्षं त्या अंगणात आले नाहीत. वाटेत बहीण दिसली की काठी दुसऱ्या हातात घेऊन तोंड फिरवायचे. अक्काही हट्टी. दर रविवारी दोन गडी झोळी घेऊन अण्णांच्या दारात जायचे, अण्णा त्यांना हाकलायचे आणि ते रिकामी झोळी घेऊन टेपावर यायचे. अक्का ती रिकामी झोळीसुद्धा मोजायची.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी आराखड्याची उजळणी करायला गेलो. भिंतीवरून यादी उतरवून घेत होतो. अण्णांच्या जागी कोळसा ओल्या हाताने पुसल्याचा डाग होता आणि त्यावर तिरकी रेघ.

"अक्का, अण्णा चालणाऱ्यात?"

"व्हय."

"पण त्यांना..."

"तुला लिवायला ठेवलंय का इचारायला? लिव की."

मी लिहिलं. बहीणभावाचं जमलं वाटतं, असं मनात आलं आणि बरंही वाटलं. दोन गड्यांची नेमणूक मी खोडली. चालणाऱ्यांना गडी लागत नाहीत.

त्या आषाढात पाऊस चार दिवस थांबला नाही. मी जोयड्यात होतो, वाट बंद. पाचव्या दिवशी दुपारी जे झालं त्याची बातमी आम्हाला संध्याकाळी कळली आणि पुढल्या दिवशी मी चालत पोचलो. काय झालं ते मला सावित्रीने सांगितलं.

दुपारी जेवणं चालली होती. अक्का भांडी घासायला नाल्यावर गेली तर एवढ्या पावसात नाला आटलेला. वरती कुठेतरी पाणी अडलं होतं. अक्काने तिथूनच ओरडायला सुरुवात केली आणि घरात शिरून परात घेतली. त्या महिन्यात परात दोनदा उगीच वाजली होती. लोक कुरकुरले. पण पायांना सवय झाली होती. सावित्री म्हणाली, "मी तर उष्टा हातच घेऊन पळाले. डोस्कं न्हाई म्हनत हुतं आनि पाय चालायला लागलं." तिची सासू झोळीतून गेली. तुळशामावशी पाठीवरून गेली. ठरल्यासारखं सगळं झालं. दारात कुणी बोलत उभं राहिलं नाही.

टेपावर अक्काने माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

अण्णा वाटेवर होते. तीन वर्षांत पहिल्यांदा परात ऐकून ते घराबाहेर पडले होते. ओसरीवरून ते दिसत होते, काठी टेकत, चिखलात वाकडा पाय ओढत. अर्ध्याहून जास्त वाट त्यांनी कापली होती. झोळीवाले दोघं सासूला उतरवून मोकळे झाले होते, पण तेवढ्यात डोंगरातून आवाज यायला लागला, झाडांची मुळं तुटण्याचा.

अक्का खाली पळायला निघाली. सावित्रीने आणि आणखी तिघांनी तिला धरलं.

"तिनंच शिकीवलंय की आमाला," सावित्री मला म्हणाली. "आमी तेच म्हनत हुतो, अक्का, मागं वळायचं न्हाई, मागं वळायचं न्हाई. ती चावली मला. हे बग." तिच्या मनगटावर दातांचे निळे व्रण होते.

अक्काने वरून हाक मारली, "अण्णा!"

खालून त्यांनी काठी उचलून दाखवली. "येतोय गं! चालत येतोय!"

मग चिखल आला. अकरातली सात घरं गेली. माणसं सगळी वर होती, एक सोडून. अण्णा तिसऱ्या दिवशी सापडले. काठी हातातच होती.

पुढे महिनाभराने तालुक्याला सत्काराचा कार्यक्रम झाला. शेजारच्या गावांनीही असा आराखडा करावा म्हणून अक्काला बोलावलं होतं. खांद्यावर शाल, हातात नारळ, लुगडं कुणाचं तरी उसनं. तालुक्याचे साहेब कन्नडमध्ये चांगलं बोलले. एवढी मोठी दरड, ते म्हणाले, आणि एकच मनुष्य गेला, फक्त एक.

अक्का खुर्चीतून उठली.

"त्येचं नाव घ्या की," ती म्हणाली.

साहेबांनी कागद पाहिला. कागदावर नाव नव्हतं. तो कागद मीच टाइप केला होता. मी मागच्या रांगेतून उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "नारायण." साहेबांनी ते माईकवर म्हटलं. अक्का बसली. मी त्यानंतर ऑफिसात तिची नक्कल केली नाही.

तिची माझी निवांत भेट झाली ती भातं कापून झाल्यावर. वाडीतली माणसं टेपावर शाळेशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. नवा फॉर्म घेऊन मी गेलो होतो, पण तो पिशवीतून काढला नाही. अक्का दगडावर बसून उन्हात केस वाळवत होती. मी न राहवून म्हणालो, "अक्का, ती नेमणूक मी खोडली होती. गडी ठेवायला पाहिजे होते. मला तेव्हाच वाटलं होतं."

"तू न्हाई. मी."

तिने केसांचा अंबाडा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"त्यो आला हुता," ती म्हणाली. "तू यादी लिवाय यायच्या आदल्या सोमवारी. तीन वर्सांनी. अंगनात हुबा ऱ्हायला आनि म्हन्ला, शांते, हाईस काय घरात?"

तिने मांडीवर गळालेले केस गोळा केले.

"आई गेल्यापास्नं मला शांते म्हननारं त्यो एकटाच. नवरा अगं म्हनायचा, त्योबी गेला. बाकी सगळ्यांची मी अक्का. तुजीबी अक्का, साएबाचीबी अक्का. म्हातारी तुळशा माज्यापरीस थोरली, ती पन अक्का म्हनती." ती जराशी हसली. "कंद घेऊन आला हुता वटीभर. म्हन्ला, शांते, तुज्या भितीवर मला आडवा नको ठेवू. लई वंगाळ वाटतंय. येवढंच बोलाय आला हुता."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? हात वला केला, पुसलं. त्येच्या म्होरंच तिरकी काढली. बरं वाटलं त्येला. पायरीवर बसला. मी च्या ठेवला."

खाली मातीचा तांबडा उतार उन्हात वाळत होता. तिने तिकडे पाहिलं नाही.

"मला ठावं हुतं रं," ती म्हणाली. "त्या पायानं त्यो येऊ शकत न्हाई, हे माज्याहून कुनाला ठावं असनार? दुसरा कोन असता तर न्हाई म्हन्लं असतं त्वांडावर. पन न्हाई म्हन्लं असतं तर उठून गेला असता. मला वाटलं, बसूं दे अजून जरा."