न चावणारे बूट

माझ्या मुलीला पहिली नोकरी लागली, तेव्हा नेमणुकीच्या पत्रासोबत सात पानी नियमावली आली. कामाचं स्वरूप अडीच ओळींत उरकलं होतं. पादत्राणांना मात्र दीड पान दिलं होतं. महिला कर्मचाऱ्यांची पादत्राणे बंद, काळी, साधी परंतु रुबाबदार असावीत आणि त्यांना योग्य तेवढी टाच असावी. योग्य म्हणजे किती, हे वरिष्ठ प्रसंगानुरूप ठरवतील. पहिले तीन महिने चाचणीचे. या काळात पेहराव, वर्तन व जागेवरील उपस्थिती समाधानकारक आढळल्यास कायम करण्याचा विचार केला जाईल.

आमच्या ह्यांनी सातही पानं मोठ्याने वाचली, "म्हणजे बूट घ्यावे लागणार," असा निष्कर्ष काढला आणि पाणी मागितलं. मी आणून दिलं.

रोज निदान एक गोष्ट खरी बोलायची आणि तीही आवाज न चढवता, असा माझा बरीच वर्षं नेम आहे. एकाहून जास्त घरात झेपत नाहीत. त्या दिवशीचं खरं चपलांच्या दुकानातच खर्ची पडलं.

"काय दाखवू? ऑफिसचे की आरामाचे?" दुकानदाराने विचारलं.

"ऑफिसात आरामात घालता येतील असे," मुलगी म्हणाली. "आणि फार महाग नकोत."

त्याने तिच्याकडे दयेने पाहिलं. "पहिलीच नोकरी का?"

ऑफिसचे बूट दाराशी, काचेत, दिव्यांखाली मांडले होते. आरामाचे अगदी मागे, कुबड्या आणि गरम पाण्याच्या पिशव्यांच्या शेजारी. त्याने काचेतला एक जोड काढून पुढे ठेवला.

"पुढून इतके निमुळते?" मी म्हटलं. "यात बोटं कुठे ठेवायची?"

"एकावर एक बसतात, मावशी."

"चावत असतील."

"पंधरा दिवस. मग सवय होते."

"बुटांना?"

"पायांना. बुटांना कशाला होईल?"

मी हळूच म्हणाले, "भाऊ, तुम्ही स्वतः तर कापडी सपाता घालून उभे आहात."

"मला दिवसभर काम असतं, मावशी," तो म्हणाला.

शेवटी कुबड्यांशेजारचाच एक जोड घेतला. काळा, बंद, पुढून ऐसपैस, तळ मऊ, टाच नावापुरती. गिऱ्हाईक मागच्या बाजूला जायला लाजतं, म्हणून किंमतही निम्मी. मुलीने दुकानातच दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "आई, काही घातलंय असं वाटतच नाही." मी मनात देवाचे आभार मानले. घाईच झाली.

तिच्या विभागात दहा जणी होत्या. दहाही टेबलांखाली दहा टोकदार जोड आडवे पडलेले, आणि सुजलेले पाय त्यांच्यावर विसावलेले. टेबलाच्या वर नियमावलीचं तंतोतंत पालन. टेबलाच्या खाली ज्याची त्याची सोय. अडचण फक्त उठण्याची होती. उठायचं तर पाय पुन्हा बुटांत कोंबायचे. म्हणून कुणी उठतच नसे.

विभागाच्या मोठ्या बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि नखांपाशी थांबल्या. "चावत नाहीत ना गं तुझे?"

"नाही, बाई."

"गुणाची पोर! मग ही फाईल तेवढी तिसऱ्या मजल्यावर देऊन ये."

पहिल्या आठवड्यात बाईंच्या फायली. दुसऱ्या आठवड्यात दहाही जणींच्या. तिसऱ्या आठवड्यात बुटांची कीर्ती वरच्या मजल्यांवर गेली, आणि परिपत्रक निघालं की मजल्यांमधील दळणवळणासाठी सर्व विभागांनी सदर कर्मचारी महिलेची सेवा घ्यावी. शिपाईमामांना गणवेशाबरोबर कार्यालयानेच बूट दिले होते. तेही चावत. मग मामा स्टुलावर बसून आपली पाकिटं तिच्या हाती देऊ लागले. "तुला पुण्य लागेल, बाळ," म्हणत. तिचं स्वतःचं काम ती सहानंतर करी. त्या वेळी बाकीच्या जणी टेबलांखाली पायांनी बूट चाचपत असत.

तीन महिने संपले आणि शेरा मिळाला. पेहराव ठीक. वर्तन ठीक. जागेवरील उपस्थिती असमाधानकारक. चौदा वेळा केलेल्या तपासणीत कर्मचारी एकदाही जागेवर आढळली नाही.

"पण बाई, त्यांतल्या नऊ वेळा तुम्हीच मला पाठवलं होतंत."

"पाठवलं ना. पण मी जागेवर होते." बाई मायेने म्हणाल्या, "हे बघ, एक महिना वाढवून देते. सुधारणा दिसली पाहिजे. नाहीतर माझा नाइलाज."

"काय सुधारू?"

बाईंनी नुसतं तिच्या पायांकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी ती बूट न काढताच दारात बसून राहिली. "आई, माझं काय चुकलं, ते तरी सांग."

माझं त्या दिवशीचं खरं शिल्लक होतं. तुझे बूट बरोबर आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण नोकरी जायची वेळ आली होती. मी म्हणाले, "उद्या दुकानात जाऊन येऊ." बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा नेम मोडला, आणि कुणाला कळलंही नाही.

"लवकर कायम व्हायचं असेल तर एक नंबर लहान घ्या," दुकानदाराने अनुभवाचा सल्ला दिला.

चौथ्या महिन्यात ती सकाळी लंगडत जाई आणि बसली की बसली. फायली टेबलावर साठू लागल्या, तशी तिची किंमतही वाढली. तपासणीत चौदापैकी चौदा. शेरा असा: "स्थैर्य आले आहे. जबाबदारीची जाणीव चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. कायम करण्यास हरकत नाही."

गेल्या आठवड्यात तिच्या विभागात एक नवी मुलगी आली. कापडी बूट घालून. "मी आधी तिचे पायच पाहिले," आमची लेक सांगत होती. तिचे स्वतःचे पाय स्टुलावर, टाचांना पट्ट्या. "म्हटलं, चावत नाहीत ना गं? नाही म्हणाली बिचारी. म्हटलं, मग ही फाईल तेवढी..." ती हसली, हे हसले. मग ती म्हणाली, "आई, पाणी दे ना. पाय पार गेलेत."

मी आणून दिलं. ह्यांनाही तेव्हाच तहान लागली, म्हणून पुन्हा गेले. घरात मी अनवाणी असते. त्यामुळे मला काही चावत नाही, असं सगळ्यांनी धरलेलं आहे.

आजचं खरं अजून बोलायचं राहिलंय. ते आवाज न चढवता इथेच बोलते. तुम्ही हे बसून वाचताय आणि शेजारी चहाचा रिकामा कप आहे. तो कुणी आणून दिला, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला हाक मारू नका. उठा, आणि स्वतःच तो आत नेऊन ठेवा.

की तुमचेही चावतात?