वाळूवरची बैठक

मोटरसायकलला एकट्यापुरती सीट बसवायचं सर्व्हेअरने ठरवलं, पण बायकोला सांगायला त्याला अकरा दिवस लागले.

"अगं, मागे उगाच वजन पडतं. तोल जातो गाडीचा."

"मागे मी असते."

"तेच म्हणतोय."

बायको प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाशी ताठ बसायची, आणि संध्याकाळी तितकीच ताठ मागच्या सीटवर. गेली अकरा वर्षं प्रत्येक वळणावर ती त्याच्या डाव्या कानात "ब्रेक" म्हणत आली होती. त्याची मागणी फार नव्हती. एक रविवार, नदीपर्यंतचा रस्ता आणि मोकळा डावा कान.

"बसवा की," ती म्हणाली. "मी बसने जाईन."

सीट शिवणारे उस्ताद तयार माल विकतच नसत. त्यांनी ओल्या वाळूचं एक पसरट ताट त्याच्या हातात दिलं. "घरी न्या. कामावरून दमून आलात की पंधरा मिनिटं बसा. जसा ठसा उमटेल तसा मी फोम कापतो."

"इथेच बसलो तर?"

"दुकानात माणूस फोटोला बसल्यासारखा बसतो. मला खरी बैठक लागते."

मोजमापाचा हा काटेकोरपणा सर्व्हेअरला फारच आवडला. संध्याकाळी ताट खुर्चीवर ठेवून तो घड्याळ लावून बसला. पंधरा मिनिटांनी अलगद उठला आणि वाळू धुवायला न्हाणीघरात गेला. आत त्याला गाणी सुचली, त्यामुळे बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती आणि ताट खुर्चीवर होतं. त्यावर ओलं फडकं टाकून त्याने ते उस्तादांकडे पोचवलं.

उस्तादांनी फडकं उचललं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. "दोन्हीकडे सारखा भार. कुठे रेलणं नाही, कुठे सांडणं नाही. बाकीचे लोक नुसते टेकतात, साहेब. तुम्ही बसता."

त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्यालाही बोलावलं. त्याने आधी हात पुसले, मगच पाहिलं.

सीट आली ती खरोखर देखणी. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, कड पोळपाटासारखी गोल. सर्व्हेअर ऐटीत बसला. पहिल्या चौकात डावा पाय बधिर झाला, दुसऱ्या चौकात तो स्वतः घसरून टाकीवर पोचला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने उभ्यानेच काम केलं.

"बसा ना," साहेब म्हणाले.

"नको सर. नकाशा उभ्याने नीट दिसतो."

उस्ताद चुकले असतील ही शंका त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. आपणच आपल्या बैठकीला कमी पडतोय, असं त्याने ठरवलं आणि घरी लाकडी स्टुलावर सराव सुरू केला.

आठव्या दिवशी फाटकातली गाडी बाजूला घ्यायला बायको तिच्यावर बसली. उतरलीच नाही.

"अहो, ही मला कशी काय इतकी बरोबर बसते?" मग तिला आठवलं. "त्या दिवशी खुर्चीवर गार वाळू तुम्हीच ठेवली होती का? ताईचा फोन आला, चाळीस मिनिटं बसले त्यावर. पाठ काय मोकळी झाली म्हणून सांगू."

"वाळूत ठसा होता ना आधीचा?"

"होता काहीतरी वाकडातिकडा. मी सपाट करून घेतला."

सर्व्हेअर स्टुलावरून उठला. तिचं लायसन त्याच्याहून दोन वर्षं जुनं होतं. ती नदीपर्यंत जाऊन आली, केसांचा अंबाडाही हलला नव्हता. इतकं सुरेख बसलेलं माणूस त्याने गाडीवर कधी पाहिलंच नव्हतं. अकरा वर्षं ते त्याच्या पाठीमागे होतं.

"रविवारी मीही येतो," तो म्हणाला.

मागच्या सीटसाठी तो पुन्हा वाळूवर बसला, दाराला कडी लावून. उस्तादांनी फडकं उचललं. बराच वेळ पाहिलं. चष्मा काही काढला नाही.

"हे कुणाचं?"

"मेहुण्याचं," सर्व्हेअर म्हणाला.

"गाडी चालवतात?"

"नाही, मागे बसतात."

"मागेच बसू दे," उस्ताद हळुवारपणे म्हणाले. "मी धरायला दांडी लावून देतो."

रविवारी नदीच्या वळणावर या मेहुण्याने दोन्ही हातांनी दांडी धरली, बायकोच्या डाव्या कानाकडे वाकला आणि म्हणाला, "ब्रेक."