युनिकॉर्नच्या दप्तराची पारख

क्लिंट होल्कमने लेकीसाठी गोळी अडवणारं दप्तर मागवलं, तेव्हा त्याच्या बायकोला, कर्स्टनला, कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली. ओक्लाहोमातल्या आमच्या गावात आया मुलांना शाळेच्या बसमध्ये चढवतात आणि ती परत येईपर्यंत जीव मुठीत धरून बसतात. पालकसभेत यावर भरपूर चर्चा झाली. बंदुका कमी कराव्यात असं कुणी चुकूनही बोललं नाही. दप्तर गुलाबी मिळतं का, एवढाच काय तो वाद. होल्कमांकडे गुलाबीच आलं, वर चमचमता युनिकॉर्न. सात वर्षांची पेझ्ली त्याला मिठी मारूनच झोपली.

सकाळी क्लिंटने ते काढून घेतलं. "आज जुनंच ने. हे आधी तपासून बघतो."

"त्यात तपासायचंय काय?" कर्स्टन म्हणाली. "चेन बघ, पट्टे बघ आणि दे तिला."

"आणि गोळी आरपार गेली तर? अगं, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे!"

बापाचं काळीज हो! घरात चमच्यांपेक्षा बंदुका जास्त, त्यामुळे साधनांची वानवा नव्हती. पेझ्ली शाळेत आणि कर्स्टन दातांच्या दवाखान्यात कामाला गेली, तसं साहेबांनी मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्याला दप्तर टेकवलं, कानांवर आवाज अडवणारी जाडजूड झाकणं चढवली आणि तीन गोळ्या झाडल्या. पुढून तीन भोकं, मागून एकही नाही! गडी असा खूश झाला की विचारू नका.

अंगणामागे शेजाऱ्याचं कुरण आणि कुरणापलीकडे पेझ्लीची शाळा. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळा जवळ म्हणूनच तर हे घर घेतलं होतं. फक्त त्या वेळी डोक्यात आलं नाही. डोकं कामाला लावायची सवय असावी लागते.

झाकणं उतरवली तोच कर्स्टनचा फोन. "क्लिंट, शाळेजवळ गोळ्या चालल्यात! दारं आतून लावून घेतलीत, मेसेज आलाय! माझी पोर रे... काहीतरी कर!"

"रडू नकोस. मी आहे ना! सोडत नाही मी त्याला!"

पालकांनी येऊ नये, असं मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. ते बाकीच्यांसाठी असणार, असं समजून क्लिंट तीच बंदूक घेऊन पिकअपमधून सुसाट सुटला. शाळेच्या फाटकात बंदूक घेतलेला दाढीवाला उतरताना पाहून पोलिसांनी जे करायचं तेच केलं. क्षणात क्लिंटचं नाक डांबरावर आणि पाठीवर पोलीस गार्नरचा गुडघा.

"अरे सोड! मी बाप आहे! तो हरामखोर पळेल तिकडे!"

"आवाज तुझ्याच घराकडून आला म्हणतात. तू काही ऐकलंस?"

"छे! मी घरीच होतो, मला कसा ऐकू आला नसता? म्हणजे, कानांवर झाकणं होती म्हणा, मी मागे पोरीच्या नव्या दप्तरावर तीन गोळ्या झाड..."

गार्नरने हळूच गुडघा काढला.

"स्वतःच्या जमिनीवर झाडल्यास ना? मग ठीक आहे. इथे बंदूक गाडीतून काढलीच नव्हतीस असं धरू." मग जवळ सरकून त्याने विचारलं, "पण काय रे, अडवल्या का तिन्ही? कुठनं मागवलंस? मलाही दोन पोरं आहेत."

पेझ्ली घरी आली ती शाळेने दिलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी चड्डीत. तिची स्वतःची ओली, पिशवीत. कर्स्टनने तिला उराशी धरलं, सोडवेचना.

"आम्ही कपाटात बसलो होतो, मम्मी. बाहेर एक वाईट माणूस होता. मी हूं की चूं केलं नाही."

"शहाणं गं माझं बाळ ते."

क्लिंटने दप्तर सोफ्यामागे दडवलं होतं, पण पोरीला ते लगेच दिसलं. तिने ओढून मांडीवर घेतलं आणि युनिकॉर्नच्या पोटातल्या भोकात बोट घातलं.

"मम्मी," ती कुजबुजली, "तो माणूस आपल्या घरीपण आला होता?"

क्लिंट आपल्या बुटांकडे बघू लागला.

"हो गं," कर्स्टन म्हणाली. "इथेच राहतो तो."