या एकदा फणस खायला

उन्मेषचे ऑर्कुटवर चारशे बारा मित्र होते आणि परसातल्या दगडी गडग्यापलीकडे एक सख्खा थोरला भाऊ. मित्रांशी तो रोज बोलायचा. आप्पाशी मात्र वाटण्या झाल्यापासून सहा वर्षं अबोला होता. परसातला फणस आप्पाच्या वाट्याला गेला, एवढंच निमित्त. तेव्हापासून उन्मेष कचेरीतून आला की गडग्याकडे पाठ करून कंप्युटरपुढे बसायचा.

"जेवायला वाढलंय," वैदेही म्हणायची.

"एवढा स्क्रॅप लिहितो आणि आलो."

लिहायचा तो मायेबद्दलच. मे महिन्यात त्याने खिडकीतून त्याच फणसाचा फोटो काढून ऑर्कुटवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा फणस. दार सदा उघडं आहे. या एकदा खायला.' आता हे वाक्य आपल्याकडे जाता-येता म्हणायचं असतं. ऐकणारा 'येऊ की' म्हणतो आणि विषय संपतो. ऑर्कुटवरच्या त्याच्या डोंबिवलीकर मित्रांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी आरे-वारेचा समुद्र बघून नऊ जणांची सुमो दारात उभी राहिली.

"उन्मेषदादा ना? फोटोपेक्षा बारीक दिसता. फणस कुठाय?"

चारशे बारा जणांशी बोलणाऱ्याला नऊ जणांना 'बसा' म्हणायचं सुचेना. 'चहाचं बघतो' म्हणून तो आत गेला तो आतच राहिला. वैदेहीने नवऱ्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि पलीकडे गेली. जावाजावांची वाटीभर आमटीची देवाणघेवाण सहा वर्षांत कधी थांबली नव्हती, हे फक्त भावांना माहीत नव्हतं.

आप्पा पिकला फणस, कोयता आणि तेलाची वाटी घेऊन आला. "कापा आहे हो, घट्ट गऱ्यांचा, बरका नव्हे. आधी हाताला तेल लावा."

गरे खाता खाता कुणीतरी विचारलं, "आम्ही ऑर्कुटवर फोटो बघून आलो. झाड तुमचं की उन्मेषदादांचं?"

"फोटोखाली त्याने काय लिहिलंय?"

"आमचा फणस."

"मग आमचाच," आप्पा म्हणाला. "लहानपणी त्यावर तोच चढायचा. एकदा पडला, तर मार मी खाल्ला."

दाराआड उन्मेष सगळं ऐकत होता, पण त्याला बाहेर जायचा धीर काही झाला नाही.

मंगळवारी नऊ स्क्रॅप आले. उन्मेषबद्दल एकातही शब्द नव्हता. नऊही जणांनी लिहिलं होतं, 'आप्पांना आमचा नमस्कार सांगा.' आणि आप्पाकडे कंप्युटर नव्हता.

"तू सांगतेस?" त्याने वैदेहीला विचारून पाहिलं.

"निरोप तुम्हाला आलाय."

शेवटी तो गडग्याशी जाऊन उभा राहिला. आप्पा माडांना पाणी घालत होता.

"डोंबिवलीकरांनी नमस्कार सांगितलाय," उन्मेष फणसाकडे बघत म्हणाला. "नऊ जणांनी."

आप्पाने कळशी खाली ठेवली.

"नऊ पोचले," तो म्हणाला. "तुझा तेवढा राहिला."