सापडलेल्या फाईलची कार्यपद्धती

हिंगोलीतल्या एका कार्यालयात परिपत्रकान्वये सर्व संगणकांवर लिनक्स ही नवी प्रणाली बसवण्यात आली. अव्वल कारकून उत्तमराव यांना एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. अर्धा दिवस सत्कारात गेला. उरलेल्या अर्ध्यात ते फाईल शोधायला शिकले. काळ्या पडद्यावर 'फाइंड' लिहायचे, पुढे नाव टाकायचे, बटण दाबायचे.

सोमवारी समोर नरसीकडचा मेंढपाळ मसाजी उभा होता. त्याच्या मुलीला, रागिणीला, नर्सिंगला जागा मिळाली होती आणि शुक्रवारी पाचच्या आत जातीचा दाखला दिला नाही, तर ती जागा जाणार होती. "फाईल सापडत नाही" हे उत्तर तो चार महिने ऐकत होता. उत्तमरावांनी नव्या विद्येचा रुबाब दाखवायला नाव टाकले. फाईल एका सेकंदात सापडली. दाखल्यावर सहीसुद्धा झालेली होती.

"एवढ्यात सापडली? मंग चार म्हैने काहून न्हाई सापडली, सायेब?"

उत्तमरावांना घाम फुटला. हे गावभर झाले, तर चार महिन्यांचा जाब कोणीही विचारील. लिनक्स बनवणाऱ्या बेअक्कल लोकांनी याचा विचारच केला नव्हता.

"मसाजीबाबा, ही फाईल कच्ची हाय. पक्की करावी लागंल."

मग शोधाचा निकाल छापण्यात आला. त्यावर लिनक्सची सही नव्हती, सबब 'सापडल्याची जबाबदारी निश्चित व्हावी' अशी टिपणी जोडली गेली. आवक क्रमांक पडला. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा साहेबांकडे गेला आणि गुरुवारी 'तपासून सादर करा' असा शेरा घेऊन परत निघाला. शुक्रवारी गठ्ठा कुठेच सापडेना.

"यंत्रात हाय ना ती? दाबा की बटन पुन्हा!"

"गठ्ठा निकाली निघाल्याबिगर यंत्रातली फाईल धरता येत न्हाई, बाबा. अर्जाची पोच आणली का?"

मसाजीने पटक्यातून पोच काढली. त्यालाही एकच सेकंद लागला.

पाच वाजले. रागिणीची जागा गेली. मसाजी मोठ्याने बोलू लागला, तशी मागच्या रांगेतली शिकलेली मंडळी वैतागली. "बाबा, सरका ना बाजूला. आमाला बी कामं हायेत."

त्याच्या मागे पहिला नंबर तुमचा होता. तुम्ही मेहुण्यांची ओळख सांगितलीत, उत्तमरावांनी 'फाइंड' लिहिले आणि तुमचा दाखला तिथल्या तिथे हातात पडला. छापणे नाही, गठ्ठा नाही. कार्यालय किती सुधारले, हे त्या दिवशी घरी येऊन तुम्हीच तर सांगत होतात.