खिशात न टोचणारा कॅमेरा

भिंगकाकांनी आणखी एक कॅमेरा शर्टाच्या खिशात टाकला आणि दुकानातल्या दुकानात फेरी मारली.

"कसा वाटतोय?" दुकानदाराने विचारलं.

"टोचतोय."

"अहो काका, फोटो कसा येतो ते तरी बघा!"

"ते नंतर. रोज जवळ बाळगायचा, तर आहे की नाही हे कळताच कामा नये."

विमा कंपनीत जन्मभर लोकांच्या जळक्या गोदामांची राख चिवडल्यामुळे काकांना साधा टूथब्रशही उलटासुलटा केल्याशिवाय घेववत नसे. गल्लीने त्यांना 'भिंगकाका' हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. पुढचा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा होता. फोटोही पसंत पडला. समोरच्या गच्चीवरच्या कबुतराचं बुबुळसुद्धा दिसत होतं. तो खिशात टाकून काका दारापर्यंत गेले. टोचेना. पायरी उतरले. टोचेना. कोपऱ्यावर रस्ता खणत होते. खड्ड्यात काय निघालं, ते काकांनी वाकून पाहिलं. मग पुढचाही खड्डा पाहिला. असं करत करत ते घरी पोचले.

"खिशात काय आहे हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी खिसा चाचपला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, पास झाला! इतका वेळ पत्तासुद्धा लागला नाही!"

"म्हणजे पैसे न देता उचलून आणलात? आता गल्लीत तोंड कसं दाखवायचं?" काकूंनी बोट उगारलं.

काकांना दरदरून घाम फुटला. पण घरातल्या कमी उजेडात हा कॅमेरा काय करतो, हे कुतूहल घामाहून जबर निघालं. त्यांनी बटण दाबलं आणि मग पळाले.

दुकानात गर्दी होती. खरं सांगावं, तर विश्वास कोण ठेवणार? त्यांनी स्वतःही ठेवला नसता. म्हणून त्यांनी कॅमेरा हळूच काउंटरवर सरकवला. तोच दुकानदाराने मनगट धरलं.

"काय चाललंय काका?"

"ठेवतोय."

"म्हणजे नेला होतात!"

"नेला नाही हो, आपोआप आला."

सगळी गिऱ्हाइकं वळली. दुकानदाराने कॅमेरा चालू केला. पडद्यावर काकू अवतरल्या, बोटासकट. दुकानदाराची पकड सैल पडली.

"काकूंनी परत पाठवलं?"

"हो."

"बसा. पाणी घ्या," दुकानदार घरचं काहीतरी आठवल्यासारखा म्हणाला.

तोवर गिऱ्हाइकं पडद्यावर वाकली होती. "कपाळावरची शीर बघा!" "आणि एवढ्याशा उजेडात?" "मला तर माझ्यावरच चिडल्यात असं वाटतंय!" दुकानदाराने लगबगीने तो फोटो मोठ्या टीव्हीवर लावला. बघता बघता तिघांनी तोच कॅमेरा घेतला. शेवटच्याला तर काकांच्या खिशातून आलेलाच द्यावा लागला.

"सॉरी काका," दुकानदार ओशाळून म्हणाला, "तुमचाच संपला. दुसरा आहे, फोटो असाच येतो. पण जाडजूड. खिशात मावायचा नाही."

"अजिबात?"

"गळ्यातच अडकवावा लागेल. लांबूनही दिसतो."

"मग तोच द्या," भिंगकाका घाईघाईने म्हणाले. "पण आधी पावती, मग कॅमेरा."