मिनेसोटातला एकुलता एक थ्रेलबी

आम्ही ईडन प्रेरीतलं हे घर घेतलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचा वॉल्टर थ्रेलबी एका हातात बनाना ब्रेड आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेला महाराष्ट्राचा नकाशा घेऊन दारात उभा राहिला. ब्रेड त्यानं माझ्या हातात दिला. नकाशा मात्र स्वतःच उलगडला.

"मिस्टर पिंपळगावकर," तो म्हणाला. नाव अख्खं म्हणाला. ऑफिसात हे आजवर कुणाला जमलेलं नाही; तिथे मी 'श्री' आहे, आणि मीटिंग लांबली की नुसता 'एस'. "तुमच्या मेलबॉक्सवर नाव वाचलं आणि शोधलं. 'कर' म्हणजे त्या गावचा, बरोबर? पण पिंपळगावं तर पुष्कळ आहेत. तुम्ही नेमके कुठल्या पिंपळगावचे?"

"माहीत नाही," मी खरं ते सांगितलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी म्हणालो होतो की मुलगी कुठल्याशा मॉलमध्ये विसरलो, कुठल्या ते आठवत नाही.

वॉल्टर तेव्हा सत्तरीत होता. हायस्कूलात भूगोल शिकवून निवृत्त झालेला, उंच, किंचित वाकलेला. बायको डोरथी आम्ही येण्याआधीच गेलेली. मूलबाळ नाही. त्याचं सगळं लक्ष एकाच विषयावर होतं: थ्रेलबी हे आडनाव जगात कुठे कुठे आहे, आणि तिथे ते कसं पोचलं.

इथे आपल्या माणसाला कुणी 'मूळचे कुठले' विचारलं की त्याच्या कपाळावर आठी पडते. वॉल्टर हा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारतो. प्लंबरला विचारतो, दातांच्या डॉक्टरला तोंड उघडं ठेवून विचारतो. समोरचा म्हणतो, "सेंट पॉलचा." वॉल्टर म्हणतो, "अँड बिफोर दॅट?" "आजोबा नॉर्वेहून आले." "अँड बिफोर दॅट?" माणूस गप्प होईपर्यंत तो मागे मागे जातो, आणि गप्प झाला की खूश होतो. "बघा, इथून पुढे खरं काम!" माझी सई तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "डॅड, ही इज स्टॉकिंग डेड पीपल!" मी तिला दटावलं, पण वर्णन चुकीचं नव्हतं.

थ्रेलबीचा इतिहास मला आता माझ्या इतिहासापेक्षा चांगला येतो. उत्तर इंग्लंडात यॉर्कशरच्या एका खोऱ्यात थ्रेलबी नावाची वाडी आहे. समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी ती वसवली. त्यांच्या भाषेत 'बी' म्हणजे वस्ती आणि 'थ्रेल' म्हणजे गुलाम. गुलामाची वाडी. हे सांगताना वॉल्टरचा चेहरा असा खुलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, सरदारकी मिळाली आहे.

"तुमचा 'कर' आणि आमचा 'बी', दोन्ही गावावरून आलेली नावं," तो मला म्हणायचा. "आपण एकाच जातीचे."

जात हा शब्द आला, तसा मी विषय बदलला.

तर, हे नाव काही शतकं त्या खोऱ्यातून हललंच नाही. यावर वॉल्टरचा सिद्धांत असा: थ्रेलबी लोक मेंढ्या आणि गाई पाळणारे. रविवारी चर्चला जाऊन संध्याकाळच्या धारेला घरी परत येता येईल, तेवढ्याच अंतरातली मुलगी करायची. मला आकड्यांची सवय आहे, वीस वर्षं हिशेबखात्यात काढलीत. मी म्हटलं, माणूस तासाला तीन मैल चालतो, डोंगर आहे, चर्चमध्ये दोन तास जातात, म्हणजे वर्तुळ फार तर बारा मैलांचं. त्यानं लगेच कंपास आणून ते वर्तुळ काढलं. जुन्या चर्चनोंदींतले झाडून सगळे थ्रेलबी त्यात बसले. एक सोडून. "याच्याकडे घोडा असणार," वॉल्टर म्हणाला.

मग त्या भागात शिशाच्या खाणी निघाल्या, आणि पुढे त्या बसल्या. तेव्हा वर्तुळ फुटलं. काही थ्रेलबी कापडगिरण्यांत गेले, एकजण टास्मानियाला, आणि एकजण विस्कॉन्सिनच्या शिशाच्या खाणींत. त्याचा मुलगा तिथून मिनेसोटात शेतीला आला. वॉल्टरच्या हॉलमध्ये जगाचा मोठा नकाशा आहे आणि त्यावर टाचण्या. यॉर्कशरमध्ये टाचण्यांची दाटी, लँकशरमध्ये विरळ, टास्मानियात तीन. मिनेसोटात एकच, ईडन प्रेरीत टोचलेली. "ही मी," असं तो टाचणीकडे बोट दाखवून सांगायचा, आणि मग स्वतःकडे बोट दाखवायचा, कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून.

एकदा त्याला कळलं की विस्कॉन्सिनच्या एका पडक्या दफनभूमीत थ्रेलबी लिहिलेला दगड आहे. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून मी ड्राइव्ह केलं. जायचे चार तास. दगड सापडला. वॉल्टर गुडघ्यांवर बसला, खिशातून दात घासायचा मऊ ब्रश काढला आणि अक्षरं साफ करू लागला. एकेक अक्षर घासताना त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी तो उठला.

"विल्बी," तो म्हणाला. "बाकीचं शेवाळ होतं."

मला वाटलं, परतीचे चार तास जड जाणार. पण गाडीत बसताच तो म्हणाला, "आता या गावात थ्रेलबी नाही हे पक्कं झालं. नसणंसुद्धा नकाशावर दाखवता आलं पाहिजे." आणि पेट्रोलचे पैसे मला देऊ दिले नाहीत, उलट वाटेत मला अ‍ॅपल पाय खाऊ घातला.

आपल्याकडे काही घराण्यांची कुलमंडळं असतात, कुलवृत्तांत छापतात, तसं थ्रेलबी लोकांचंही एक मंडळ आहे. दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. जेफ्री थ्रेलबी हे मंडळाचे प्रमुख. यॉर्कशरमध्येच राहतात, वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर गुरांचे डॉक्टर होते. टास्मानियाचा थ्रेलबी पायजम्यात बसलेला असतो, कारण त्याच्याकडे रात्र. बाकी तिघंचौघं. वॉल्टर त्या कॉलसाठी शर्ट इस्त्री करतो. आठवड्यातून तेवढा एकच शर्ट.

दोन वर्षांपूर्वी या मंडळानं ठरवलं की कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायची. मिनेसोटाच्या शाखेबद्दल जुनी शंका होती. खाणीतून एक थ्रेलबी अमेरिकेला निघाला याची नोंद आहे, पण विस्कॉन्सिनमध्ये उतरलेला तोच की दुसराच कुणी, याला पुरावा नाही. जेफ्रींनी सोपा उपाय काढला. बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं असं काहीतरी पुरुषाच्या रक्तात असतं. त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली आणि वॉल्टरला एक किट पाठवलं. नळीत थुंकायचं, डबीत घालायचं, पोस्टात टाकायचं. उन्हाळ्यात पुस्तक छापायला जाईल, त्याआधी निकाल हवा. नाहीतर मिनेसोटाची शाखा सिद्ध धरता येणार नाही.

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात आलं. आणि वॉल्टरनं ते फ्रिजवर ठेवून दिलं.

थँक्सगिव्हिंगला ते फ्रिजवर होतं. बर्फ वितळलं, तरी फ्रिजवरच.

"वॉल्टर, थुंकायला असा किती वेळ लागतो?"

"सकाळी कॉफी झाली होती. कॉफीनंतर चालत नाही."

"मग कॉफीच्या आधी."

"आधी तोंड कोरडं असतं."

पुढे सर्दी झाली. मग पोस्टाचा भरवसा नाही. "पोस्टेज भरलेलं आहे हो," मी म्हणालो. भरलेलं पोस्टेज वाया जातंय हे मला सहन होत नव्हतं. एका रविवारी जेफ्रींनी पुन्हा विचारलं, आणि वॉल्टरनं इंटरनेट गेल्याचं कारण देऊन कॉल बंद केला. इंटरनेट आमच्याकडे व्यवस्थित चालू होतं.

पुढच्या शनिवारी तो आमच्याकडे पोहे खायला आला. माधुरी, माझी बायको, त्याला हसवायला म्हणून म्हणाली, "तुम्ही एका आडनावाचं काय घेऊन बसलात! माझी लग्नात दोन्ही नावं बदलली. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, संपलं. सकाळी नागपूरची वंदना बोरकर होते, जेवायच्या पंगतीला माधुरी पिंपळगावकर. बँकेत वर्षभर जुनीच सही करत होते, चेक परत यायचे."

वॉल्टरचा चमचा थांबला. "पहिलं नावसुद्धा? एका दुपारी? मग तुम्हाला शोधणाऱ्यानं शोधायचं कसं?"

"मला कोण शोधतंय!"

"वाईट वाटलं?"

माधुरीनं माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांकडे बघितलं.

"तेव्हा कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच पहिले."

वॉल्टरनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "मला विचारलं होतं. दोनदा. कोर्टातल्या बाईंना वाटलं, मी फॉर्म चुकीचा भरलाय. म्हणाल्या, नाव बायकोचं बदलायचं आहे ना? मी म्हटलं, नाही, माझं."

"म्हणजे?" माधुरीनं विचारलं.

"थ्रेलबी मी नाही," वॉल्टर म्हणाला. "डोरथी थ्रेलबी. मी जॉन्सन."

मिनेसोटात जॉन्सन म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. वॉल्टरच्या वर्गात चार जॉन्सन होते. तो 'वॉल्टर जे., मागच्या बाकावरचा'. घरात पाच भाऊ. डोरथी तिच्या वडिलांची एकुलती एक. साखरपुड्याच्या जेवणाला तिच्या वडिलांनी सगळ्यांचं कौतुक केलं, ग्लास खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "वेल, दॅट्स दॅट." आपलं नाव आपल्याबरोबर संपणार, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. वॉल्टर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. घरी जाताना गाडीत त्यानं डोरथीला सांगितलं, जॉन्सन भरपूर आहेत, एक कमी झाला तर कुणाच्या लक्षात येणार नाही.

"लक्षात आलं," वॉल्टर म्हणाला. "माझे वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत."

आता मला आठवलं, इतक्या वर्षांत हा माणूस 'माझे पणजोबा' असं एकदाही म्हणाला नव्हता. 'मिनेसोटाचे पणजोबा' म्हणायचा. मी ते शास्त्रीय पद्धतीचं बोलणं समजत होतो.

"मी थुंकलो, तर निकाल येईल की मिनेसोटाची शाखा थ्रेलबी नाहीच. डोरथीचे वडील, आजोबा, सगळे बाहेर. माझ्यामुळे. आणि खरं सांगितलं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. खरं सांगितलं तर तो स्वतः बाहेर, आणि रविवार मोकळा.

"सांगून टाका," मी म्हणालो. "चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना बरा."

"अहो, रकाना काय! माणूस आहे तो," माधुरी मला मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत त्याला म्हणाली, "उद्या आम्ही येतो तुमच्याबरोबर बसायला."

रविवारी दहाला आम्ही तिघं त्याच्या लॅपटॉपसमोर बसलो. वॉल्टरनं टायही लावला होता. मंडळी जमल्यावर त्यानं घसा साफ केला आणि सगळं सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाज हलू न देता. जेफ्रींचा चेहरा पडद्यावर तसाच होता. मला वाटलं, चित्र अडकलं.

"आधी कोण होतास म्हणालास?" जेफ्रींनी शेवटी विचारलं.

"जॉन्सन."

"हं. मग तुझं काही चुकलं नाही."

टास्मानियाचा पायजमा एवढ्या जोरात हसला की त्याचा कॅमेरा हलला. "आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "गुलामाची वाडी म्हणून कळल्यावरही आपण होऊन आलेला तू एकटाच!"

जेफ्रींनी मग कामाचं विचारलं. डोरथीच्या बाजूला कुणी पुरुष हयात? नाही. "मग 'सिद्ध नाही' असं छापावं लागेल."

"तसंच छापा," वॉल्टर म्हणाला. पुस्तकात ते तसंच छापलं आहे. मी तपासलं.

"बरं," जेफ्री म्हणाले. "आता तिच्याबद्दल सांग."

वॉल्टर सरसावून बसला. "डोरथी अ‍ॅन थ्रेलबी, जन्म ब्लू अर्थ काउंटी, वडील—"

"ते नको. ते आमच्याकडे आहे. तिच्याबद्दल सांग."

सतराव्या शतकावर तासन्‌तास बोलणारा हा माणूस टेबलावरचे हात एकदा उलटे आणि एकदा सुलटे करून बघत राहिला. सातजण थांबले होते.

"कोर्टातून नाव बदलून आलो," तो म्हणाला, "त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं किचनमधून हाक मारली. 'मिस्टर थ्रेलबी, अंडी थंड होतायत.' मी चटकन उभा राहिलो आणि केस सारखे करून दाराकडे बघितलं. मला वाटलं, सासरे आले. ती हसत हसत जमिनीवरच बसली. म्हणाली, होईल सवय."

"झाली?" जेफ्रींनी विचारलं.

"चव्वेचाळीस वर्षांत," वॉल्टर म्हणाला, "नुकती कुठे होत आली होती."